हेअरपिननंतर गाडी दबते, पहिल्यात टाकली तर लिमिटर: इंजिन खोलायच्या आधी गिअरचा गुणाकार करा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा लोचा हाच आहे का ते कळेल. कोन लावून ऑटोक्रॉसचा (मोकळ्या जागेत एकेक गाडी घड्याळाशी पळवायच्या खेळाचा) कोर्स आखलाय, हेअरपिन म्हणजे उलटं फिरवणारं टाइट वळण आलं, दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर निघताना पाय पार जमिनीला टेकवला तरी गाडी नुसती हूं हूं करते, दोन सेकंद काहीच नाही, अन् मंग चार हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वर एकदम जीव येतो तेव्हा पुढचं ब्रेकिंग समोर उभं. बरं, पुढच्या राऊंडला शहाणपणा करून पहिल्यात टाकली तर निघते झक्कास, पण लगेच लिमिटर (ठरावीक आरपीएमच्या वर इंजिनाला रोखणारा) टक टक टक, अन् दुसरा टाकायची वेळ येते ती नेमकी स्लॅलमच्या, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून नागमोडी जायच्या तुकड्याच्या मधात, जिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजे. प्रत्येक इव्हेंटला, त्याच प्रकारच्या वळणावर, हेच. रोडवर चालवा तर गाडी एकदम ठणठणीत.

माझ्या मावसभावाच्या गाडीत हे वर्षभर चालू होतं. गाडी जुनी, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरची, म्हणजे ज्याला लोक मियाटा म्हणतात ती. मुंबईहून नागपूरला आणली तेव्हा वर्धा रोडवर लोक माना वळवून पाहत होते. रविवारी आम्ही सातआठ जण बुटीबोरीकडे एका बंद आवारात रीतसर परवानगी काढून कोन लावतो, सिमेंटचं मोठं पार्किंग आहे, सकाळी तर्री पोहे हाणून सात वाजता सुरू अन् ऊन तापायच्या आत गुंडाळायचं. तिथे हा गडी दर वेळेस तोंड पाडून परत यायचा, "दादा, हिचा पिकअप गेला."

पिकअप गेला म्हटलं की आपल्याकडे काय होतं माहीत आहे. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ झाले, थ्रॉटल बॉडी धुतली. एका मिस्त्रीने सांगितलं इंजिन खोलावं लागते. दुसऱ्याने सांगितलं नवतप्यात सगळ्याच गाड्या दबतात भाऊ, दिवाळीनंतर या. दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं बरं का. ४५ डिग्रीतली हवा ३० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ५ टक्के विरळ असते, तेवढी ताकद कमी पडणारच. पण गाडी डिसेंबरच्या थंडीत, तोंडातून वाफ निघत असताना सुद्धा त्याच वळणावर तशीच दबली. म्हणजे ऊन सुटलं निर्दोष.

खरा बिघाड नाही ना, ते आधी पाहून घ्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे अन् पैसा एक लागत नाही. गाडी बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा अन् दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटलचं पान पूर्ण उघडते का पाहायचं, केबल ढिली असली किंवा पायाखालची मॅट आडवी आली तरी तीन-चतुर्थांशच उघडते अन् माणूस वर्षभर प्लग बदलत राहते. मंग क्लच. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवताना एकदम पाय दाबा, आरपीएमचा काटा वर पळाला अन् स्पीड तिथेच, तर क्लच घसरून राहिलाय. तिसरं, पेट्रोल. टाकी पावच्या खाली असली अन् जोरात वळलं की पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो. पण त्यात गाडी मिसिंग मारते, झटके देते, अन् बहुतेक एकाच बाजूच्या वळणाला देते. आमची गाडी झटके देत नव्हती, ती नुसती आळसावत होती, डावं असो की उजवं. शेवटचं, चार चाकं उचलून हाताने फिरवा, ब्रेक अडकून तर नाही राहिले.

हे सगळं आमच्याकडे ठीक निघालं. अन् खरं सांगू का, उत्तर आमच्या डोळ्यासमोर कधीपासून होतं, पाहिलं कोणी नाही. हीच गाडी हिंगण्याच्या बाजूला मुरुमाच्या मैदानावर नेली होती तेव्हा अजिबात दबली नव्हती! मातीवर दुसऱ्यात पाय दाबला की मागची चाकं घसरतात, चाकं घसरली की इंजिनला वर जायला मोकळीक मिळते, तीन हजार साडेतीन हजारवर आपोआप जाते अन् गाडी खेचते. सिमेंटवर टायर धरून ठेवतो, त्यामुळे इंजिन त्या वेळच्या स्पीडला जेवढं आरपीएम बसते तेवढ्यावरच अडकून पडते. तर तुमची गाडी मातीवर चांगली अन् सिमेंट-डांबरावर दबते असं असेल तर पाना हातात घेऊ नका, कॅल्क्युलेटर घ्या. इंजिनला काही झालेलं नाही, ते चुकीच्या आरपीएमवर काम करून राहिलं आहे.

हिशोब

गणित आठवीतलं आहे. गिअरचा आकडा गुणिले फायनल ड्राइव्हचा (गिअरबॉक्सनंतर, चाकांच्या आधीच्या शेवटच्या दातांच्या जोडीचा) आकडा, म्हणजे आपण ज्याला क्राऊन-पिनियनचा रेशो म्हणतो तो. जो गुणाकार येईल तेवढ्या वेळा इंजिन फिरलं की चाक एकदा फिरते. चाक एकदा फिरलं की गाडी टायरच्या परिघाइतकी पुढे जाते. बस्स.

या मियाटाचा पहिला ३.१३६, दुसरा १.८८८, तिसरा १.३३०, फायनल ४.३. दुसऱ्याचा गुणाकार ८.१२. कंपनीचा टायर १८५/६० आर १४ (रुंदी १८५ मिलिमीटर, उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची), त्याचा व्यास ५७८ मिलिमीटरच्या आसपास, परीघ १.८१५ मीटर. तर १००० आरपीएमला पहिल्यात ८ किमीचा स्पीड, दुसऱ्यात १३.४, तिसऱ्यात १९. सात हजारला रेडलाइन (इंजिनाची वरची मर्यादा), म्हणजे पहिला ५६ ला संपतो अन् दुसरा ९४ ला.

हे कागदावरचं. गाडी वजनाने टायर थोडा दाबते म्हणून खरा परीघ कागदापेक्षा दोनतीन टक्के कमी भरतो, तर ज्याला नेमका पाहिजे त्याने टायरवर अन् जमिनीवर खडूने रेघ मारावी, गाडी ढकलून चाक एक पूर्ण चक्कर फिरवावं अन् टेपने मोजावं. गिअरचे आकडे सापडत नसतील तर त्याहून सोपं आहे, मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसऱ्यात बरोबर ३००० आरपीएमवर काटा स्थिर ठेवा, बाजूला बसलेल्याने मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड वाचायचा, तिनाने भागा, झालं. गाडीच्या स्पीडोमीटरवर विसंबू नका, काहून ते पुढे सांगतो. अन् वळणातला स्पीड मोबाईलने घेऊ नका, तो बहुतेक सेकंदाला एकदाच वाचतो, अन् हेअरपिनमध्ये एका सेकंदात रामायण होऊन जाते.

आम्ही मोजलं तर दुसऱ्यात १३.४ यायला पाहिजे तिथे १४.३ च्या आसपास आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून राहिलो. मंग गडी हळूच बोलला की टायर बदललेत.

झालं असं होतं की पावसाळ्यात एका खड्ड्यात दोन १४ इंची अलॉय वाकले, टायरच्या दुकानात गेला तर दुकानदार म्हणाला भाऊ १५ टाका, भारी दिसते, अन् जो टायर स्टॉकमध्ये होता तो बसवून दिला, १९५/६० आर १५. बसला, घासला नाही, दिसतो पण भारी. पण त्याचा व्यास ६१५ मिलिमीटर. जुन्यापेक्षा साडेसहा टक्के मोठा. टायर साडेसहा टक्के मोठा म्हणजे प्रत्येक गिअर साडेसहा टक्के लांब (त्याच आरपीएमला स्पीड जास्त, जोर कमी), जणू ४.३ चा क्राऊन-पिनियन काढून कोणी ४.०४ चा टाकला. अन् स्पीडोमीटर तेवढाच मागे पडला. हा समजायचा ६० ने चाललो अन् गाडी ६४ ने जायची. हायवेला चलान पण त्यामुळेच आलं होतं, ते तेव्हा नशिबावर ढकललं होतं.

आता इथे थांबून टायरवाल्याला शिव्या घालाव्या असं वाटते, मलाही वाटलं. पण साडेसहा टक्क्याने एवढं होईल का? हाच प्रश्न विचारायला पाहिजे, अन् इथेच बहुतेक लोक अर्ध्यावर सोडून देतात.

गाडीची खिडकी अन् कोर्सची खिडकी

मी याला खिडकी म्हणतो. गाडीची खिडकी म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनात दम असतो तो खालचा स्पीड ते रेडलाइनचा वरचा स्पीड. या १.६ च्या इंजिनाचा टॉर्क साडेपाच हजारला सर्वात जास्त अन् ताकद साडेसहा हजारला, म्हणजे हे वरच्या मजल्यावर राहणारं इंजिन आहे, अडीच हजारच्या खाली त्याला काम सांगितलं की ते तोंड फिरवते. कोर्सची खिडकी म्हणजे सर्वात हळू वळणाचा स्पीड ते सर्वात वेगाच्या तुकड्याचा स्पीड. मित्राकडून सेकंदाला दहा वेळा वाचणारा जीपीएस आणला, गाडीत लावला. आमचा कोर्स निघाला हेअरपिनला ३० अन् लांब तुकड्याच्या शेवटी ७८.

आता लावा जुळवून. वरून पाहिलं तर दुसरा गिअर पुरतो, ७८ म्हणजे ९४ च्या बराच खाली. खालून पाहिलं तर ३० च्या स्पीडला मोठ्या टायरवर इंजिन २१०० वर. कंपनीचा टायर असता तर २२४०. दोन्ही वाईटच! फरक दीडशेचा पण नाही. म्हणजे टायरने रोग वाढवला, पण आणला नाही. रोग असा की वरती १६ किमीची जागा रिकामी पडली आहे अन् खाली गाडीला श्वास नाही. दुसरा गिअर या कोर्ससाठी लांब आहे, अन् पहिला तर अर्ध्या रस्त्यात संपतो.

पहिला काहून नाही, हे पण सांगतो, कारण प्रत्येकजण तेच सुचवतो. ढकलायच्या जोराच्या दृष्टीने दुसरा गिअर पहिल्याच्या फक्त ६० टक्के आहे, १.८८८ ला ३.१३६ ने भागून पाहा. म्हणून पहिल्यात गाडी उडी मारते, खरं आहे. पण ३० वरून ५६ यायला वेळ किती लागणार, अन् तिथे गिअर टाकायला चांगल्या हाताला पण चारपाच दशांश सेकंद जातात. ५६ च्या स्पीडने ०.४ सेकंद म्हणजे ६ मीटर गाडी इंजिनाशिवाय नुसती वाहत जाते. वरून मागचं वजन पुढे येते, पकड हलते, स्लॅलमचा ताल तुटतो, एक कोन पडला की आमच्या नियमाने दोन सेकंद दंड. शिवाय परत खाली पहिल्यात टाकायचा तो वेगळा ताप. जुन्या गिअरबॉक्सचा पहिल्याचा सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी रिंग) चालत्या गाडीत सहसा आनंदाने घेत नाही, जबरदस्ती केली की कर्र. अन् चुकून ७० वर असताना पहिल्यात गेला तर इंजिन ८७०० ला ओढलं जाते, तिथे लिमिटर काही वाचवत नाही, लिमिटर फक्त पेट्रोल बंद करू शकतो, चाकं इंजिनाला फिरवतात त्याला तो काय करणार. आत काही तुटलं की मंग मिस्त्री म्हणत होता तसं इंजिन खरंच खोलावं लागते.

आमचा नियम साधा आहे: वळणानंतर पुढचा ब्रेक येईपर्यंत स्पीड ५० च्या खालीच राहणार असेल, म्हणजे एकामागून एक टाइट वळणं असतील, तरच पहिला. ५६ ओलांडणार असेल तर दुसऱ्यातच राहायचं अन् वळणाचं काहीतरी करायचं.

मंग केलं काय

सर्वात आधी टायर, कारण ती चूक होती अन् सरळ करता येत होती. नवीन रिम घ्यायची गरज नाही पडली. त्याच १५ इंची रिमवर १९५/५० आर १५ टाकला, त्याचा व्यास ५७६, म्हणजे कंपनीच्या १४ इंचीच्या जवळपास तंतोतंत. २०५/५० आर १५ पण चालला असता, तो ५८६ चा, दीड टक्का लांब पण थोडा रुंद. साइज शोधायला दोन आठवडे गेले, आपल्याकडे मागणी उंच टायरची, बुटका टायर मागितला की दुकानदार आपल्याकडे पाहतो. खड्ड्यांच्या दृष्टीने बुटका टायर म्हणजे रिमला निमंत्रणच, ते मान्य करून घेतला. स्पीडोमीटर त्या दिवसापासून खरं बोलायला लागला.

दुसरं, लाइन, म्हणजे वळणातून गाडी न्यायची वाट. गडी हेअरपिनला कोनाला चिकटून आत यायचा अन् चिकटूनच फिरायचा, साधारण ८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, त्यात पकडीच्या हिशोबाने ३० च्या वर जाताच येत नाही. स्पीड वाढवायचा तर वर्तुळ मोठं पाहिजे, अन् ते स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात. ३० चे ३६ करायचे म्हटलं तर त्रिज्या ४४ टक्के वाढवावी लागते, साडेअकरा मीटर. आम्ही उत्साहात तेवढी करून पाहिली. इंजिन एकदम खूश, गाडी बाहेर निघताना मस्त, अन् घड्याळात टाइम वाढला! कारण अर्धवर्तुळ मोठं केलं की वाट पण ११ मीटरने वाढते, तिथेच अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं, समोरच्या तुकड्यात ते पूर्ण परत मिळालं नाही. मंग मधला मार्ग, थोडं बाहेरून यायचं, १० मीटरचं वर्तुळ, स्पीड ३४. घड्याळाला तो आवडला. नवीन टायरवर ३४ म्हणजे २५४० आरपीएम. कुठे २१०० अन् कुठे साडेपंचवीसशे. यात टायरचे दीडशे अन् लाइनचे तीनशे, हे गड्याला पचायला जड गेलं कारण टायरचे पैसे दिले होते अन् लाइन फुकट होती.

अन् एक, पाय. वळणाच्या मधात रिकामा पाय ठेवून मंग एकदम पूर्ण दाबण्यापेक्षा थोडा आधीपासून हलका ॲक्सिलरेटर देऊन ठेवला तर इंजिन पडत नाही. हे शब्दात सांगून जमत नाही, रविवारच्या रविवार होते.

तिसरा उपाय म्हणजे क्राऊन-पिनियनच बदलणं, तो आम्ही केला नाही पण हिशोब करून ठेवलाय. ४.३ च्या जागी ४.७८ चा बसवला तर दुसरा गिअर ९४ ऐवजी ८४ ला संपतो, आमच्या ७८ ला बरोबर पुरतो, अन् ३४ ला इंजिन २८०० च्या वर राहते. कागदावर हाच सर्वात गोड उपाय. पण गाडी रस्त्यावर पण चालते ना. समृद्धीवर १२० ने पाचव्यात आत्ता ३८५० च्या आसपास आरपीएम लागतो, तो ४३०० जवळ जाईल, अन् नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर तो आवाज कानाशी घेऊन जायचं. हौस आहे तर करा. अन् यातला एक सापळा सांगून ठेवतो: मियाटावाले लोक १.८ लिटरच्या गाडीचं मजबूत डिफरन्शियल, टॉर्सन एलएसडीवालं (एक चाक नुसतं फिरायला लागलं तर जोर दुसऱ्याला देणारं), १.६ मध्ये बसवतात, चांगलं काम आहे, वळणात आतलं चाक नुसतं फिरायचं कमी होते. पण १९९४ ते १९९७ च्या त्या १.८ वाल्यांचं फायनल साधारण ४.१ असते. म्हणजे पकड मिळाली अन् गिअर जवळपास पाच टक्के उलटे लांब झाले. डिफरन्शियल घेताना आकडा विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

काही क्लबांच्या नियमात क्राऊन-पिनियनला हातच लावता येत नाही. अमेरिकेत एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसच्या इव्हेंटमध्ये स्ट्रीट कॅटेगरीत गिअरिंग कंपनीचंच ठेवावं लागते, टायरचा साइज मात्र बदलता येतो, म्हणून तिथले लोक टायरच्या व्यासावर मिलिमीटरने भांडतात. आपल्याकडे ज्या इव्हेंटला जाणार तिथलं नियमाचं पान आधी वाचा.

दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर

हे वाचून कोणी म्हणेल की मंग ऑटोक्रॉसला गाडी घेताना हॉर्सपॉवर सोडून दुसरा गिअर किती स्पीडला संपतो तेच विचारायचं का? जवळपास हो. मी काही गाड्यांचा गुणाकार करून पाहिला, कंपनीच्या टायरवर. टोयोटा जीटी८६ चा दुसरा २.१८८, फायनल ४.१, ७४०० ला साधारण ९७ ला संपतो. ऑटोक्रॉसला उत्तम, पण ब्रोशरमधल्या शून्य ते शंभरच्या आकड्याला वाईट, कारण शंभरच्या तोंडावर तिसरा टाकावा लागतो. आताच्या एनडी, म्हणजे चौथ्या पिढीच्या मियाटाची गंमत वेगळीच. तिचं फायनल २.८६६, ऐकून वाटते काय लांब गाडी आहे, पण दुसरा गिअर २.९९१ चा आहे, गुणाकार ८.५७, म्हणजे आमच्या जुनीपेक्षा पण जास्त, टायर मोठा आहे ते धरलं तरी जवळपास तेवढीच आखूड. एकच आकडा पाहून मत बनवणाऱ्यांनी हे चौकटीत लावून ठेवावं. तिच्या दोन लिटरच्या इंजिनाची रेडलाइन आधी ६८०० होती, २०१९ च्या मॉडेलपासून ७५०० झाली, अन् गिअर तेच ठेवून दुसरा ९२ वरून १०१ पर्यंत लांबला. ज्या कोर्सवर आधीची गाडी शेवटी तिसरा मागायची तिथे नवी मागत नाही. ताकद वाढली त्याची जाहिरात झाली, ऑटोक्रॉसवाल्याला खरी भेट या ९ किमीची.

होंडा एस२००० चा किस्सा उलटा. पहिली, दोन लिटर, नऊ हजारवाली. दुसरा ११० ला संपतो, कोणी म्हणेल वा, कधी गिअर बदलायलाच नको. पण तिचा व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) सहा हजारच्या आसपास जागा होतो, अन् दुसऱ्यात सहा हजार म्हणजे ७३ किमी. आमच्या पार्किंगमध्ये ती गाडी फक्त एका तुकड्यात जागी राहील, बाकी वेळ झोपलेली. मोठ्या, मोकळ्या कोर्सवर मात्र तिला पकडून दाखवा. पोर्शेची ९८१ केमन जीटी४ तर दुसऱ्यात १३० च्या पुढे जाते, ३० च्या वळणाला इंजिन १८०० च्या खाली. फक्त तिथे ३.८ लिटरचं इंजिन अन् ४२० न्यूटन मीटर बसले आहेत, ते लांब गिअर अंगावर झेलतात. मोठं इंजिन गिअरची चूक लपवते, छोटं उघडी पाडते, म्हणून हा त्रास बहुतेक दीड-दोन लिटरच्या वर फिरणाऱ्या इंजिनवाल्यांना जास्त. इलेक्ट्रिकवाल्यांना तर ही पोस्टच कामाची नाही, बहुतेकांना एकच गिअर अन् शून्यापासून टॉर्क, त्यांचं दुखणं वजनाचं.

अन् कोर्स तुमचा पाहा, लोकांचा नाही. परदेशी व्हिडिओत एअरपोर्टच्या धावपट्टीवर कोन लावलेले असतात, तिथला हळू तुकडा पण इथल्यापेक्षा वेगाचा असतो. आपल्याला जागा मिळते पार्किंगची. तिथली बेस्ट गाडी इथे दबणार, अन् इथे राजा असलेली छोटी गाडी तिथे लिमिटरवर रडत बसणार.

आमचं सध्याचं असं आहे: हेअरपिनला दबणं गेलं, त्याच कोर्सवर टाइम सव्वा सेकंदाने खाली आला, त्यातला अर्धा गड्याच्या हाताचा असं मी म्हणतो अन् सगळा टायरचा असं तो म्हणतो. एक जागा अजून राहिली, शेवटचा चौकोनी बॉक्स, तिथे गाडी २२ वर येते, दुसऱ्यात साडेसोळाशे आरपीएम, तिथे कोणती लाइन मदत करत नाही. पण बॉक्सनंतर फिनिशपर्यंत ४८ च्या वर स्पीड जात नाही, तर तिथे पहिला टाकायचा, टाच-पंजा करून (ब्रेक दाबतानाच त्याच पायाने ॲक्सिलरेटर देऊन), आरपीएम जुळवून, कर्र न करता. मागच्या रविवारी सहापैकी चार वेळा जमलं, दोनदा न्यूट्रलमध्येच गाडी फिनिशच्या रेघेवरून गेली अन् आम्ही सगळे टाळ्या वाजवून राहिलो.